श्टुटगार्टहून दापोड्याला

मानहाइम, मंगळवार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. आईला सांगा, भात मिळतो, काळजी नको.

कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ला ज्या तीनचाकीचं पेटंट घेतलं, ती याच शहरात बनली. एक सिलिंडर, जेमतेम पाऊण हॉर्सपॉवर. मला मात्र त्याच्या बायकोचं, बेर्थाचं जास्त कौतुक वाटलं. गाडीला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा ऑगस्ट १८८८मध्ये नवऱ्याला न विचारता ती दोन मुलांना घेऊन शंभरेक किलोमीटरवरच्या फोर्झहाइमला, माहेरी निघाली. इंधन संपलं, ते वाटेतल्या औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली, ती हॅटच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. या गाडीची पहिली खरी परीक्षा तिने घेतली.

श्टुटगार्ट, शनिवार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आज मर्सिडीजचं संग्रहालय पाहिलं. लिफ्टने थेट सगळ्यात वर नेतात, मग १८८६पासून फिरत फिरत खाली उतरायचं. गर्दी होती १९५४च्या ३०० एसएलभोवती. बारीक नळ्यांचा हलका सांगाडा दोन्ही बाजूंना इतका उंच घेतला, की नेहमीसारखं दार बसेना. म्हणून दारं छताला लावून वर उघडणारी केली. गाडी देखणीच आहे.

पण माझा पाय निघेना तो एका टॅक्सीपासून. ग्रीसमधल्या थेस्सलोनिकीची २४० डी, १९७६ची, ४६ लाख किलोमीटर चाललेली! इंजिनं बदलत बदलत चालली, पण चालली. बाबा, तिचं इंजिन ओएम ६१६. हेच इंजिन बजाज टेम्पोने परवाना घेऊन पुण्याजवळ आकुर्डीला बनवलं आणि ट्रॅक्स गाडीत बसवलं. भिवंडीच्या माणकोली नाक्यावरून गोदामातली माणसं नेणारी आपली ट्रॅक्स याच टॅक्सीची सख्खी बहीण आहे.

मी उतरलोय तिथे शेजारच्या एका आजोबांकडे १९८२ची २४० डी आहे. तिच्या नंबरप्लेटच्या शेवटी ‘एच’ अक्षर आहे. तीस वर्षांपुढच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांना ते मिळतं. आजोबांनी बॉनेट उघडलं, चावी फिरवली, हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबले आणि मग स्टार्टर मारला. तोच खडखडाट! मला दापोड्याच्या रस्त्यावर उभं असल्यासारखं वाटलं.

त्यांनी समजावलं ते असं. या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही. हेडमधल्या छोट्या कप्प्यात आधी पेट घेतं आणि तिथल्या भोकांतून ज्वाळा सिलिंडरमध्ये येते. त्यामुळे दाब एकदम न चढता बेताने चढतो, पिस्टन आणि बेअरिंगला धक्का कमी बसतो. फवाऱ्यालाही फार मोठा दाब लागत नाही, म्हणून डिझेल जरा बरं-वाईट असलं तरी पंप-नोझल तग धरतात. वर टायमिंगला पट्टा नाही, दुपदरी साखळी. याची किंमतही मोजावी लागते: कप्प्यात उष्णता वाया जाते, म्हणून गार इंजिनाला हीटर प्लग लागतात. आणि २.४ लिटरमधून ताकद साधारण ६५ ते ७२ हॉर्सपॉवरच. तुम्ही घाटात दुसऱ्या गिअरवर का यायचात, ते आज कळलं.

हांबुर्ग, बुधवार

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

इथल्या हारबुर्ग भागात मुद्दाम आलो. आपला टेम्पो मूळचा इथला. विडाल अँड झोन कंपनीचा. पुढच्या एकाच चाकाला ताकद देणारा त्यांचा तीनचाकी हान्झेआट जर्मनीत १९५६ला बंद झाला. १९५८ला नवलमल फिरोदियांनी बजाज टेम्पो सुरू केली आणि तोच तीनचाकी आपल्याकडे पुढे कित्येक दशकं माल ओढत राहिला. जुन्या कारखान्याच्या जागी आता मर्सिडीजचा सुट्या भागांचा कारखाना आहे.

जर्मन गाड्यांच्या इतिहासात आकुर्डी आणि भिवंडी यायलाच हव्यात, असं मला मनापासून वाटतं. श्रीमंतांच्या गाड्या शेडमध्ये जपल्या गेल्या. ट्रॅक्सचं हे इंजिन कुठवर टिकतं, ते आपल्या खड्ड्यांत आणि ओव्हरलोडमध्येच ठरलं.

दादा ट्रॅक्स भंगारात द्यायचं म्हणतोय. देऊ देऊ नका. सकाळी सुरू व्हायला त्रास देते, तर आधी टॅपेट तपासून घ्या. व्हॉल्व्हचा गॅप कमी झाला की कॉम्प्रेशन पडतं, असं आजोबा म्हणाले. मग चारही हीटर प्लग बघा. त्यानंतरही कुरकुर असेल, तर मी येईपर्यंत इंजिन उघडू नका.

तुमचा,
धाकटा