दोन्ही बाजू उभ्या राहिल्या तर

जुन्नर

चि. ताई,

घोडेगावच्या कोर्टात तू वकिली सुरू केलीस, हे वाचून फार आनंद झाला. तू विचारतेस, दोन वकिलांनी भांडायचं आणि न्यायाधीशांनी ऐकून निकाल द्यायचा, अशानं खरं बाहेर येतं का? येतं, पण दोन्ही बाजूंना बोलता आलं तरच.

कोर्टात नोकरीला असताना बांधाच्या एका दाव्याची साक्ष मी टाइप करत होतो. सरतपासात साक्षीदार ठाम होता : मोजणीचे दगड माझ्यासमोर रोवले. उलटतपासात वकिलानं आवाज न चढवता विचारलं, त्या दिवशी शेतात पीक कोणतं होतं? साक्षीदार थांबला. मग म्हणाला, “मी तेव्हा मुंबईला होतो. भावानं सांगितलं.” हा प्रश्न सुचतो तो ज्याची जमीन जाणार असते त्याच्या वकिलाला. समोर फायलींचा ढीग असलेल्या न्यायाधीशांना तो सुचेलच असं नाही. आणि फौजदारी खटल्यात तर सगळं सरकार एका बाजूला असतं. तिथं आरोपीला स्वतःचा माणूस हवाच. म्हणून ही पद्धत मोडा म्हणणाऱ्यांत मी नाही.

पण पट्टेवाल्यानं पुकारा केला आणि कुणीच पुढं आलं नाही, तर? याचे चटके आपल्या जिल्ह्यानं सोसले आहेत. सावकार कर्जरोखा कोर्टात ठेवी, कुणबी तिकडं फिरकत नसे आणि हुकूमनामा एकतर्फी होई. १२ मे १८७५ रोजी सुप्यात दंगा पेटला, लोकांनी रोखे जाळले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा झाला. न्यायाधीशांनी रोख्यावर न थांबता मूळ रक्कम किती, व्याज किती, हे स्वतः खणून काढावं, असं त्यात ठरलं. सावकाराचा वकील असेल आणि शेतकऱ्याची ऐपत नसेल, तर त्याला वकील देण्याचीही सोय होती. न्यायमूर्ती रानड्यांनी याच कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून काम केलं.

आदिवासींच्या जमिनी परत करण्याच्या १९७४ च्या कायद्यात तर ९-अ कलमानं वकिलांनाच मज्जाव केला. लिंगप्पा पोचन्ना प्रकरणात १९८४ साली सुप्रीम कोर्टानं तो वैध ठरवला. त्यामागची कळकळ मला समजते. तरीही वकिलाला दाराबाहेर ठेवण्यापेक्षा, ज्याला नाही त्याला तो द्यावा, असंच मला वाटतं.

आज न्यायाधीशांना साक्षीदाराला हवा तो प्रश्न विचारता येतो. जुन्या पुरावा कायद्याचं १६५ वं कलम आता साक्ष्य अधिनियमात १६८ वं आहे. त्यांनी तसं विचारावं म्हणून अर्ज करायला संकोचू नकोस. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं स्त्रियांना आणि अनुसूचित जमातींना, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी बायांना हे कोण सांगणार? आहुप्याच्या एसटीनं उतरणाऱ्या बाईला तूच गाठ, तालुका विधी सेवा समितीचा अर्ज तिथंच भरून घे. आणि फी मिळणार नाही म्हणून तिच्या दाव्यात ‘नो क्रॉस’ असं कधीही लिहून देऊ नकोस. तिच्यासाठीचाही उलटतपास आदल्या रात्री बसून तयार कर.

तुझा,
मामा