ब्रेसची कोंबडी आणि रविवारचे ताट

फ्रान्समधील लियों शहराहून ईशान्येस निघालेली आगगाडी सुमारे तासाभरात बूर्ग-आं-ब्रेस या गावी पोचते. पश्चिमेस सोन नदी (आपल्या बिहारातील सोन नव्हे) आणि पूर्वेस ज्युरा पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्या, यांच्या मधल्या सखल, चिकणमातीच्या प्रदेशाला ब्रेस म्हणतात. मी गेलो तेव्हा हिवाळ्याचा आरंभ होता. शेते लहान लहान, त्यांना झाडाझुडपांची कुंपणे, आणि मधून मधून लाकडी चौकटीची, मातीच्या भिंतींची जुनी बसकी घरे दिसत होती. एका घराच्या वळचणीला मक्याच्या पिवळ्या कणसांच्या जुड्या वाळत टांगल्या होत्या. बियाण्यासाठी वळचणीला टांगलेली दोडकी आणि कणसे मी लहानपणी कोकणात आमच्याच घरी पाहिली होती, त्यामुळे या परमुलखाविषयी एकदम आपुलकी वाटली.

बूर्गला जाणारा प्रवासी बहुधा ब्रूचे मंदिर पाहावयास जातो. मी मात्र कोंबडी पाहावयास गेलो होतो! त्याचे असे झाले की, फ्रेंच भाषेच्या अभ्यासासाठी लियोंमध्ये काही महिने राहण्याचा योग आला आणि एका वृद्ध विधवा बाईंच्या घरी मला खोली मिळाली. त्यांना मी मादाम म्हणत असे. पहिल्याच रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरातून लोण्यात भाजल्या जाणाऱ्या कोंबडीचा असा दरवळ सुटला की, मी पुस्तक मिटून दारात जाऊन उभा राहिलो. त्या दिवशी मी जेवलो, आणि संकोच सोडून म्हटले, "मादाम, हे मला शिकवाल का?" त्या हसून म्हणाल्या, "शिकवण्यासारखे त्यात फार थोडे आहे. पण आधी बूर्गचा बाजार पाहून या. पक्षी पाहिल्यावाचून त्याची कृती समजत नाही."

स्थानकातून बाहेर पडल्यावर प्रथम ब्रूलाच गेलो. ते चुकवणे अक्षम्य ठरले असते. सव्हॉयचा ड्यूक फिलिबेर 1504 मध्ये तरुणपणीच वारला. त्याची पत्नी, ऑस्ट्रियाची मार्गारेट, हिने त्याच्या स्मरणार्थ 1506 ते 1532 या काळात हे मंदिर व मठ उभारले. काम पुरे होण्यापूर्वीच, 1530 मध्ये, तीही गेली. आता दोघांच्या समाधी एकाच छताखाली आहेत. त्या छतावरील रंगीत, झिलईदार कौले हिवाळी उन्हात शालीच्या नक्षीप्रमाणे चमकत होती. पतीच्या स्मरणार्थ पत्नीने बांधलेली ही वास्तू पाहताना भारतीय माणसाला आग्र्याची आठवण होणे स्वाभाविक आहे.

तेथून बाजारात आलो. ब्रेसची कोंबडी ओळखण्यास पंडिताची गरज नाही. शुभ्र पिसे, लाल तुरा आणि निळसर पाय, असे फ्रान्सच्या ध्वजाचे तिन्ही रंग ती अंगावर बाळगून असते, आणि याचा तेथील लोकांना मोठा अभिमान आहे. या गावाच्या दप्तरात ब्रेसच्या कोंबड्यांचा उल्लेख 1591 सालापासून सापडतो. त्यांची प्रदर्शने व स्पर्धा 1862 पासून भरतात आणि आजही डिसेंबरमध्ये नाताळापूर्वी त्या होतात. 1 ऑगस्ट 1957 रोजी तर फ्रान्सने खास कायदा करून 'ब्रेसची कोंबडी' या नावाला संरक्षण दिले. नागपूरचे संत्रे किंवा दार्जिलिंगचा चहा या नावांना आज आपल्याकडे भौगोलिक मानांकन आहे, तशीच ही गोष्ट आहे.

त्या कायद्याचे नियम ऐकून मी थक्क झालो. प्रत्येक पक्ष्यास निदान दहा चौरस मीटर हिरवळ मिळालीच पाहिजे. गवतातील किडे, गोगलगायी, गांडुळे त्याने स्वतः टिपावीत. मालकाने द्यावयाचा तो मका, गहू आणि दुधाचे पदार्थ. साधी कोंबडी निदान चार महिन्यांची झाल्याशिवाय विकावयाची नाही. आपल्या बाजारात मिळणारी ब्रॉयलर कोंबडी बहुधा पाच-सहा आठवड्यांची असते, हे लक्षात घेतले म्हणजे फरक समजेल. प्रत्येक पक्ष्याच्या डाव्या पायात, त्याला वाढवणाऱ्याचे नाव कोरलेले कडे असते. मांस चांगले निघाले तर कोणाची वाहवा करावी आणि वाईट निघाले तर कोणाला जाब विचारावा, हे गिऱ्हाइकास ठाऊक असते.

अर्थात सारेच काही रम्य नाही. शेवटचे आठ-पंधरा दिवस हे पक्षी मोकळ्या रानातून काढून मंद उजेडाच्या शांत जागी लाकडी पिंजऱ्यांत ठेवतात. तेथे त्यांच्या अंगी चरबी धरते आणि मांसात ती मुरते. चवीचे रहस्य तेच. चार महिने मोकळे रान आणि अखेरीस तो अंधार! मला ते ऐकून थोडे वाईट वाटले. मांसाहार करणाऱ्याने या गोष्टीपासून तोंड फिरवू नये, असे मला वाटते. आपण जीव खातो हे ज्याला स्मरते, तो ताटात काही टाकीत नाही.

पाटीवरील किंमत वाचून मात्र मी रिकाम्या हातांनी परत आलो. मादामना सांगताच त्या म्हणाल्या, "मी तरी ती कोठे घेते? ती नाताळासाठी. दर रविवारी मी लाल चिठ्ठीची साधी कोंबडी आणते." ही लाल चिठ्ठी म्हणजे 'लाबेल रूज' हे सरकारमान्य गुणवत्तेचे चिन्ह. 1965 मध्ये लांद प्रांतातील कोंबड्यांना ते प्रथम मिळाले. ही कोंबडीसुद्धा निदान 81 दिवस वाढवलेली असते. "मग मला बूर्गला कशाला पाठवलेत?" मी विचारले. "चांगल्या पक्ष्याला किती कष्ट पडतात ते कळावे म्हणून," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही त्याच्यावर उगाच मसाले लादणार नाही!" मसाल्यांच्या देशातून आलेल्या माणसाला हा टोला बरोबर बसला.

पुढील रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात हजर झालो. सव्वा किलो वजनाची, कातडीसकट अख्खी कोंबडी होती. मादामनी ती धुतली नाही. नळाखाली धुतल्याने शिंतोडे उडून जंतू पसरतात, शिवाय ओली कातडी भाजत नाही, उकडते. म्हणून त्यांनी कोंबडी कागदाने आतबाहेर कोरडी टिपली. दोन लहान चमचे मीठ आणि थोडी मिरपूड आतबाहेर चोळून ती दोन तास थंड कपाटात उघडीच ठेवली. भाजण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढली. पोटात अर्धे लिंबू, सालासकट ठेचलेल्या चार लसूणपाकळ्या आणि थाइम नावाच्या सुगंधी पाल्याची एक काडी घातली. पाय दोऱ्याने बांधले. मग पन्नास ग्रॅम मऊ लोणी सर्वांगाला, तान्ह्या मुलाला तेल चोळावे तसे, हलक्या हाताने चोळले.

ओव्हन 200 अंश सेल्सिअसपर्यंत आधीच तापवून ठेवला होता. कोंबडी प्रथम एका कुशीवर वीस मिनिटे, मग दुसऱ्या कुशीवर वीस मिनिटे आणि शेवटी पाठीवर वीस-पंचवीस मिनिटे भाजावयाची. मांडीला आच अधिक लागते आणि छातीला कमी. अशी कूस पालटत गेल्याने मांडी शिजते आणि छाती कोरडी पडत नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी ताटलीत उतरलेले लोणी व रस चमच्याने तिच्या अंगावर घालावयाचा. रस जळू लागला तर चार चमचे पाणी घालावे. मांडीच्या सांध्यात सुई खुपसून पाहावी. रस स्वच्छ आला की कोंबडी शिजली. गुलाबी आला तर आणखी थोडा वेळ थांबावे. तापमापक असल्यास मांडीच्या आत 74 अंश भरले पाहिजेत.

कोंबडी बाहेर काढताच मी सुरी उचलली. मादामनी ती माझ्या हातून काढून घेतली. "पंधरा मिनिटे!" गरम मांस लगेच कापले तर रस पाटावर वाहून जातो, थोडे थांबले तर तो मांसातच राहतो. त्या अवधीत त्यांनी ताटलीतील वरची चरबी काढून टाकली, अर्धी वाटी पाणी घातले, ताटली चुलीवर ठेवली आणि तळाशी चिकटलेली खरपूड लाकडी चमच्याने खरवडून दोन उकळ्या आणल्या. हाच त्यांचा 'ज्यू', म्हणजे रस. तेथे रस्सा म्हणून मिळतो तो एवढाच. माणशी जेमतेम दोन चमचे.

त्यांच्या जेवणघरातील टेबलाला आठ खुर्च्या होत्या. मुले दूरच्या शहरांत, पती निवर्तलेले. एकेकाळी दर रविवारी सर्व खुर्च्या भरत. "एक कोंबडी आणि आठ माणसे, सुरी चालवणाऱ्याला न्याय करावा लागे," त्या म्हणाल्या. आता आम्ही दोघेच होतो. त्यांनी तंगड्या सोडवल्या, छाती कापली, आणि मग कोंबडी उलटी करून पाठीच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांतून शिंपल्याएवढे दोन मऊ तुकडे अंगठ्याने अलगद काढले. या तुकड्यांना फ्रेंचमध्ये 'सो-ली-लेस' म्हणतात. मूर्ख तो, जो हे तेथेच सोडतो! सर्व कोंबडीत याहून रसाळ मांस नाही. पाहुणा म्हणून ते माझ्या ताटात पडतील अशी माझी समजूत होती. मादामनी ते शांतपणे स्वतःच्या ताटात ठेवले.

"हे पाहुण्याचे नाही, यजमानाचेही नाही," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात हे रांधणाऱ्याचे."

त्या दिवशी जेवणात माझे लक्ष राहिले नाही. आमच्या घरी आई कोंबडीचे सागोती-वडे करी. तंगड्या आम्हा भावंडांना मिळत, छातीचे मोठे तुकडे वडिलांना व पाहुण्यांना. आई सर्वांत शेवटी बसे आणि पातेल्यातील मान व पाठीची हाडे घेई. "मला मानच आवडते," ती म्हणे. तीस वर्षे मी ते खरे मानले होते.

परत आल्यावर दिल्लीत मी हा प्रयोग केला तेव्हा आई आमच्याकडे राहावयास आली होती. आपल्याकडे दुकानदार सवयीने कातडी सोलून तुकडे करून देतो. म्हणून कातडीसकट अख्खी हवी, असे आधी बजावून सांगावे लागले. थाइमच्या ऐवजी ओव्याच्या रोपाची दोन पाने घातली. दोहोंचा गंध जवळचा आहे, पण ओवा उग्र. दोनच पाने पुरेत. बाकी सर्व लियोंप्रमाणे केले. आई दारात उभी राहून पाहत होती. "हळद नाही, आले नाही, वाटप नाही? आजाऱ्याचे पथ्य आहे काय रे?" असे तिने दोनदा विचारले.

पंधरा मिनिटे थांबून मी कोंबडी कापली. माझ्या मुलीला तंगडी दिली. आईने सवयीने मानेकडे हात नेला. मी पाठ उलटी केली, ते दोन तुकडे काढले आणि तिच्या ताटात ठेवले. आज रांधणारा मी होतो, तेव्हा नियमाने ते माझे होते. पण तीस वर्षांची बाकी कोणाकडे होती, हे मला ठाऊक होते.

आईने एक तुकडा तोंडात घातला. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरे लागते. पण रस्सा कोठे आहे?" आणि दुसरा तुकडा तिने उचलून नातीच्या ताटात ठेवला. मी काही बोललो नाही. देण्याची सवय एका जेवणात सुटत नाही. निदान या वेळी तिने आधी स्वतः चव घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो आईने उरलेला सांगाडा पातेल्यात घालून मंद आचेवर उकळत ठेवलेला, आणि शेजारी भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे व कांद्याचे वाटप तयार. मादामही सोमवारी त्या हाडांचे सूप करीत असत, असे मी तिला सांगितले. "मग ती बाई शहाणी आहे," आई म्हणाली, आणि तिने वाटप पातेल्यात सोडले.