बुडीवाल्यांचं घर

आमच्या नगर जिल्ह्यात ख्रिस्ती माणूस नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ साली सुरू झालं. पुढं गावोगावच्या महारवाड्यांतून, मांगवाड्यांतून लोक त्या वाटेनं गेले. माझा पणजाही गेला. त्या मंडळीत तान्ह्या लेकराच्या डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. माझ्या वडिलांना ते पटेना. जाणत्या वयात एका बाप्टिस्ट उपदेशकाच्या हातून त्यांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला, तोही विहिरीत पुरतं बुडून. तेव्हापासून गावानं आमचं नाव पाडलं, बुडीवाले.

बाप्टिस्टांचं म्हणणं साधं आहे. ज्याला अजून बोलता येत नाही त्याच्या वतीनं देवाला शब्द द्यायचा नाही. त्याला कळू द्यावं, मग त्यानंच द्यावा. पाण्याखाली जाणं म्हणजे जुना माणूस पुरणं आणि वर येणं म्हणजे नवा उठणं. बाबा हे आपल्या भाषेत सांगायचे, "बी झाकल्याबिगर उगवत न्हाई."

जमीन आमची वतनाची. १९५८ च्या कायद्यानं वतन गेलं आणि नजराणा भरून जमीन नावावर झाली. साडेतीन एकर आम्हाला, तेवढीच बाबांच्या चुलतभावाला. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. डॉ. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दीक्षा घेतली, त्यानंतर तात्यांचं घर बौद्ध झालं. विहीर मात्र एकच, सामाईक. तिच्या पाळ्या ठरलेल्या. बाबा रविवारी मोट जुंपत नसत. रविवारची पाळी आली की ती तात्या धरायचे. त्याची फेड म्हणून १४ एप्रिलला तात्या जयंतीच्या मिरवणुकीत असले की त्यांची मोट बाबा हाकायचे. याचा कागद कुणी केला नाही.

त्याच विहिरीत बाप्तिस्मे व्हायचे. पहिल्यांदा बाबा तात्यांना विचारायला गेले, की आमची माणसं पाण्यात उतरतील, चालेल का? तात्या हसून म्हणाले, "पाण्याला हात लावायसाठी बाबासायबांना म्हाडाला जावं लागलं. आता आपली माणसं आपल्याच हिरीत उतरत्यात, तर मी आडवू व्हय?" महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. ज्यांच्या सावलीनंसुद्धा पाणी बाटतं म्हणायचे, त्या माणसांनी पाण्यात डोक्यापर्यंत बुडून नवं व्हायचं. या बाप्तिस्म्याची गोडी आमच्या लोकांना का लागली, ते मला तात्यांच्या बोलण्यातनं कळलं.

७२ च्या दुष्काळात विहिरीत घागर बुडत नव्हती. आईबाबा खडी फोडायला जायचे. आम्ही मिलोच्या लाल भाकरी आणि सुकडी खायचो. मंडळीतली दोन माणसं तेव्हा बाप्तिस्म्यासाठी थांबलेली. कुणी म्हणालं, तांब्यानं शिंपडून घ्या, देव काय मोजणार आहे? बाबा म्हणाले, "पेरणी थांबलीच की. ह्येबी थांबंल." दुसऱ्या साली पाऊस झाला, विहीर भरली, तेव्हा ती माणसं पाण्यात उतरली.

माझी पाळी १९७८ ला आली. दहावी होऊन मी शेतीत लागलो होतो. बाबांनी मला कधी, घे म्हणून सांगितलं नाही. माझं मीच सांगितलं, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "कुणी मागं लागलंय का?" नाही म्हणालो. हस्ताच्या पेरणीच्या आधी मी पायऱ्या उतरलो. कठड्यावर टाळ-ढोलकीवर भजन चाललेलं. आमच्याकडं भजन-कीर्तनातनं ख्रिस्त सांगायची रीत जुनी, ती बाप्टिस्टांनीही सोडली नव्हती. पाणी नाकातोंडात गेलं, मी ठसकत वर आलो. बाबा म्हणाले, "आता तुझ्या शब्दाचा जाब तुझ्याकडं." दोन दिवसांनी शाळूची पेरणी होती. चाड्यावर मूठ धरण्याआधी बाबा डोकं उघडं करून प्रार्थना करायचे. त्या वर्षी ती मला करायला लावली.

बाबांना विल्यम केरीचं फार कौतुक. इंग्लंडात जोडे शिवणारा हा बाप्टिस्ट माणूस बंगालात आला, मराठी शिकला आणि १८०५ साली त्यानं मराठीचं व्याकरण छापलं. बाबांना त्याहून मोठी वाटायची ती दुसरी गोष्ट. याच केरीनं १८२० साली कलकत्त्यात शेती आणि फळबागांसाठी संस्था काढली. "धर्म सांगणाऱ्याला मातीतलं कळाया पायजे," असं बाबा म्हणत.

या शब्दाची किंमत पुढं मोजावी लागली. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांना विहिरीसाठी सरकारी मदत मिळू लागली. १९५० च्या आदेशानं ख्रिस्ती झालेल्या दलिताला त्या यादीत जागा नव्हती. शिखांना १९५६ साली, बौद्धांना १९९० साली केंद्रानं त्यात घेतलं. राज्याच्या योजनांत नवबौद्धांना आधीपासून लाभ होता. तात्यांचा अर्ज मंजूर झाला. आमच्या अर्जावर कचेरीतल्या कारकुनानं बोट ठेवलं. माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाला, "धर्माच्या रकान्यात हिंदू लिहा. घरात काय करता, कोण बघतंय?" घरात तेव्हा बहिणीचं लग्न ठरलेलं, सोसायटीचं कर्ज थकलेलं आणि जुनी विहीर माघातच तळ दाखवायची. आई म्हणाली, "कागुदच हाय, लिवा." बाबा रात्रभर ओट्यावर बसून होते. सकाळी म्हणाले, "पाण्यात हुबं राहून येक बोललो. आता पाण्यासाठी दुसरं लिवू?"

विहीर मिळाली नाही. बहिणीच्या लग्नाला बैलजोडी विकली. आई कितीतरी दिवस बाबांशी धड बोलली नाही, आणि तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. एकाच आज्याची नातवंडं, एकाच बांधावर राबणारी. त्यांच्यातल्या एकाला मदत मिळाली ती योग्यच होती. दुसऱ्याला का नाही, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

तात्यांच्या नव्या विहिरीला पाणी लागलं. पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी आमच्या शेताकडं पाट फोडला आणि पाळी लावून दिली. वार सांगितला सोमवार. रविवार त्यांनी आपल्याकडंच ठेवला.

आता बाबा नाहीत, तात्याही नाहीत. माझा नातू आठ वर्षांचा आहे. शिंपडणाऱ्या मंडळीतली एक म्हातारी भेटली की विचारते, पोराला पाणी कधी लावणार? मी सांगतो, त्याचं त्याला कळू दे. परवा तोच मला विचारत होता, बुडताना डोळे उघडे ठेवायचे का मिटायचे.