मुरलेले पान

तंबाखूच्या हिरव्या पानाला पुढे प्राप्त होणाऱ्या सुगंधाची पुसटशीही चाहूल नसते. तो त्याला काळ देतो. क्यूबा बेटाच्या पश्चिमेस, पिनार देल रिओ प्रांतात, व्हुएल्ता आबाहो नावाचा जो तांबड्या मातीचा प्रदेश आहे, तेथे खुडलेले पान प्रथम उंच लाकडी वखारींत टांगून सुमारे 50 दिवस सुकविले जाते, मग त्याच्या थप्प्या रचल्या जातात, त्या थप्प्यांच्या पोटात आपोआप ऊब निर्माण होऊन अमोनियाची उग्रता हळूहळू बाहेर पडते, आणि पुढे गठ्ठ्यांत बांधलेले ते पान कित्येक महिने, प्रसंगी कित्येक वर्षे, वखारीत पडून राहिल्यावर कोठे वळणाऱ्याच्या हाती येते. वळून सिद्ध झालेला चिरूटसुद्धा जाणत्यांच्या दृष्टीने कोवळाच असतो. शेकडा 65 ते 70 आर्द्रतेत, थंड जागी, सीडरच्या पेटीत त्याला आणखी काही वर्षे निजू द्यावे, अशी त्या शौकाची रीत आहे.

असा एक जुना हवाना चिरूट बोटीवर नोकरी करणाऱ्या एका आप्तांच्या कृपेने औंढा नागनाथ तालुक्यातील आमच्या जवळा बाजार या गावी येऊन पोहोचला. वैशाखात तो ओढण्याचे मी कटाक्षाने टाळले, कारण आमच्याकडील उन्हाळ्याचा झोत त्याचे वरचे नाजूक वेष्टन तडकावून टाकतो. पावसाळा सरत आला, हवेत मऊपणा आला, तेव्हा एका संध्याकाळी तो हाती घेतला. त्याचे टोक काडीच्या ज्योतीपासून किंचित दूर धरून फिरवत फिरवत शेकावे, धूर छातीत न घेता तोंडातच घोळवावा, आणि दोन झुरक्यांमध्ये निदान मिनिटभराचे अंतर ठेवावे, कारण घाईने ओढलेला चिरूट तापतो आणि तापला की कडवट होतो. राख झटकावी लागत नाही; घट्ट, करडी, ती बराच वेळ आपल्या जागी टिकून राहते.

पहिल्या झुरक्यांत फारसे काही हाती लागत नाही, आणि ताज्या चिरुटाच्या तिखट धडाक्याची सवय असलेल्या माणसाची येथे निराशाही होईल. मग भाजलेल्या कॉफीचा, कमावलेल्या चामड्याचा, किंचित कोकोचा गंध एकामागून एक उमटू लागतो; मध्यावर एक मंद गोडवा येतो, आणि त्या गोडव्याच्या तळाशी मला जे जाणवले ते बाळपणी ज्वारीचे पेव उघडताना जाणवत असे: कडब्याचे अस्तर लावून मातीने लिंपलेल्या, महिनोन् महिने अंधारात राहिलेल्या धान्याचा तो उबदार, आंबूस, जुनेर वास, जो पेवातील दूषित हवा निघून जाईपर्यंत वडीलधारी मंडळी आम्हांला काठावरूनच घेऊ देत. जुन्या चिरुटाची थोरवी काळाने त्यातून काय काढून घेतले यावर ठरते, असे माझे मत त्या संध्याकाळी पक्के झाले. उग्रता गेली, जळजळ गेली. जे उरले ते इतके सौम्य होते की लक्ष क्षणभर ढळले तरी निसटून जाई. तंबाखू हे विष आहे, आणि धूर छातीत न नेल्याने मुखाच्या कर्करोगाचा धोका टळत नाही, हे येथे स्पष्ट सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. कोणी याचा नित्य परिपाठ करावा असे मी सुचवीत नाही.

या पानाचे आणि दख्खनचे नाते मात्र आपण समजतो त्याहून जुने आहे. कोलंबसाच्या दोन माणसांनी नोव्हेंबर 1492 मध्ये क्यूबातील रहिवाशांना पेटत्या पानांचा धूर ओढताना पाहिले, आणि त्यानंतर सुमारे 110 वर्षांनी, आदिलशाही दरबारात अकबराचा वकील म्हणून गेलेल्या असद बेगला विजापुरात तंबाखू आढळली. उत्तरेत असा जिन्नस त्याने कधी पाहिला नव्हता. त्याने रत्नजडित नळी करवून ती बादशहास नजर केली. बादशहाने दोन-तीन झुरके घेतले, हकिमांनी हरकत घेतली, वादविवाद झाला, आणि बादशहाने ती बाजूला ठेवली, तरी अमीर-उमरावांना चटक लागायची ती लागलीच. पुढे 1617 मध्ये जहांगिराने मनाईचे फर्मान काढले, त्याचा उपयोग किती झाला हे आज कोणत्याही पानपट्टीवर दिसते.

हे नाते पानापुरतेच नाही. चिरुटाच्या पेटीचे जे लाकूड सीडर म्हणून ओळखले जाते, ते वनस्पतिशास्त्राच्या हिशेबी देवदाराच्या कुळातले नसून आपल्या कडुनिंबाच्या कुळातले आहे. आणि साठवणीच्या चिरुटाचा जो मुख्य शत्रू, तंबाखूच्या पानात भोके पाडणारा तो तांबूस बारीक भुंगेरा, तोच आमच्या हिंगोली जिल्ह्यातील साठवणीच्या हळदीचाही शत्रू आहे. हवानातील वखारदार ज्याच्या भयाने पेट्या थंड ठेवतो, त्याच किड्याच्या भयाने वसमतचा व्यापारी पोती उलटीपालटी करतो. हे कळल्यापासून ते दूरचे बेट मला परके वाटेनासे झाले.

तेथील कारखान्यांत 1865 पासून एक सुंदर शिरस्ता आहे: कामगार पाने वळत असतात आणि एक वाचक उंच आसनावर बसून त्यांना वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवतो. आरंभी त्याचे वेतन कामगारच वर्गणी काढून देत. ‘माँटेक्रिस्टो’ या प्रसिद्ध चिरुटाचे नाव अशाच वाचनातल्या द्यूमाच्या कादंबरीवरून आले, असे सांगतात. श्रावणात पोथी ऐकत वाती वळणाऱ्या आमच्या आयाबायांना यात नवल वाटणार नाही. सोलापुरात आणि सिन्नरात दिवसभर विड्या वळणाऱ्या भगिनींच्या वाट्याला मात्र असा वाचक आला असता तर किती बरे झाले असते!

पण चिरूट विझत आला तेव्हा माझे मन ज्या विचारापाशी अडकले तो निराळा होता. वाट पाहणे हे सर्वांना परवडत नाही. पान मुरेपर्यंत थांबण्याची ऐपत वखारदाराजवळ असते, म्हणून मुरण्याचे मोलही त्याच्याच पदरी पडते. येथे जवळा बाजारात सोयाबीनची रास होते न होते तोच ती बाजार समितीच्या आवारात येऊन पडते. हळद उकडावी, वाळवावी, ढोलात घालून पॉलिश करावी आणि लगेच हिंगोलीचा किंवा वसमतचा रस्ता धरावा, कारण दुकानदाराची उधारी, मुलाची फी आणि सोसायटीचा हप्ता यांपैकी कोणीही भाव चढेपर्यंत थांबणार नसते. ज्या माणसाने नऊ महिने त्या कंदाची राखण केली, त्याला तो पुढचे चार महिने राखता येऊ नये, ही गोष्ट मला मनापासून सलते.

यावर काहीच उपाय नाही, असे नाही. राज्याच्या कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला तर त्याच्या किमतीच्या शेकडा 75 पर्यंत रक्कम सहा महिन्यांकरिता शेकडा 6 व्याजाने मिळण्याची तीत तरतूद आहे, आणि सोयाबीन व हळद दोन्ही तीत समाविष्ट आहेत. समित्यांनी ही योजना दप्तरात न ठेवता गोदामे दुरुस्त करून, गावोगावी दवंडी पिटून राबवावी. आणि ज्याच्या घरी यंदा रास आहे त्या वाचकाने गाडी भरण्यापूर्वी एकदा समितीच्या कचेरीत जाऊन तारणाची चौकशी करावी, एवढीच माझी विनंती आहे.