ग्रीनविचच्या टेकडीवर चुकलेली अस्र

२०२५ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही उभयता लंडनला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. शनिवारी, २५ ऑक्टोबरच्या रात्री मेहुणे स्टुलावर चढून भिंतीवरचे घड्याळ एक तास मागे करत होते. म्हणाले, "भाईजान, आज रात्री दोन वाजायच्या जागी पुन्हा एक वाजणार. तासभर जास्त झोपा!" मोबाइलची वेळ आपोआप बदलते, भिंतीवरचे, ओव्हनचे, गाडीतले घड्याळ मात्र हाताने फिरवावे लागते. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे, असा दरवर्षीचा खटाटोप.

रविवारी आम्ही ग्रीनविचला गेलो. टेकडीवर जुनी वेधशाळा आहे. तिच्या अंगणात शून्य रेखांश दाखवणारी धातूची पट्टी; भूगोलाच्या पुस्तकातली रेघ प्रत्यक्ष पायाखाली! फाटकाजवळ १८५२ पासूनचे चोवीस तासांच्या तबकडीचे घड्याळ आहे. ते उन्हाळ्यातही बदलत नाहीत. सात महिने ते शहरातल्या घड्याळांहून तासभर मागे असते. त्या दिवशी सगळी जुळली होती.

मोबाइलमध्ये सव्वाचार झाले होते. आदल्या दिवशी मगरिब पावणेसहाच्या सुमारास झाली होती. अजून दीड तास आहे, खाली उतरून निवांत अस्र पढू, असा हिशेब करून आम्ही चहा घेत बसलो. आभाळ भरलेले, त्यामुळे सूर्याचा अंदाज येईना. उठलो तेव्हा पाच वाजून गेले होते आणि दिवे लागलेले. मगरिबची वेळ पावणेपाचलाच झाली होती. आमची अस्र कजा झाली. सूर्य आपल्या वेळेवरच मावळला होता. आम्हीच जुनी वेळ नव्या घड्याळात शोधत बसलो. वर्गात मुलांना वक्तशीरपणा शिकवणारे आम्ही, फार ओशाळलो.

ही कल्पना इथे मांडली ती विल्यम विलेट नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने, १९०७ मध्ये. उन्हाळ्यात लोक ऊन वर आल्यावरही झोपून राहतात, याची त्याला हळहळ वाटे. पहिल्या महायुद्धात कोळसा वाचवण्यासाठी १९१६ मध्ये ब्रिटनने ती अमलात आणली. विलेट त्याआधीच वारला होता. मोरोक्कोत तर रमजानपुरते घड्याळ तासभर मागे घेतात, म्हणजे घड्याळाप्रमाणे इफ्तार लवकर होते.

घरी आल्यावर बहिणीला घडले ते सांगितले. ती म्हणाली, "भाईजान, नमाजचे नवे वेळापत्रक मशिदीतून मिळते, ते फ्रिजवर लावते. पण अम्मीचं काय करू? मी पाचला कामावरून सुटते. उन्हाळ्यात तेव्हा चिपळूणला साडेनऊ असतात, अम्मी जाग्या असतात. आता साडेदहा होणार. मार्चपर्यंत पाच महिने कामाच्या दिवशी बोलणं होत नाही."

हे आम्हाला इतकी वर्षे ठाऊक नव्हते. हिवाळ्यात ही फोन का करत नाही, म्हणून चिपळुणात आम्हीच कुरकुर करायचो.

परत आल्यावर अम्मींना सगळे समजावले. आता त्या फजरनंतर थोड्या पडतात आणि दुपारी साडेबाराला फोनजवळ येऊन बसतात. लंडनला तेव्हा सकाळचे सात वाजलेले असतात आणि बहीण कामावर निघण्याच्या तयारीत असते. दहा मिनिटे बोलणे होते, अल्हम्दुलिल्लाह.