शिवणीतली माया

गेल्या श्रावणात झड लागली असता एका दुपारी आम्ही आमचा एक जुना सदरा कापला. सदऱ्याची कॉलर विरली होती, कोपरे झिरझिरीत झाले होते. पण छातीचे व पाठीचे कापड अजून धड होते. अशा सदऱ्यापासून उशीचा अभ्रा फार लवकर होतो, असे आम्ही ऐकून होतो, आणि ते खरेही आहे. सदऱ्याच्या गुंड्या लावलेल्या ठेवावयाच्या, सदरा उलटा करून बाह्यांच्या खालून सरळ चौकोन कापावयाचा, चारी बाजूंनी टीप मारावयाची, आणि मग गुंड्या काढून अभ्रा सुलटा करावयाचा. उशी घालण्यासाठी तोंड आयतेच मिळते. काजे करण्याची यातायात नाही. सारे काम अर्ध्या तासाचे. आम्ही ते पाऊण तासात उरकले आणि मोठ्या अभिमानाने उशी आत घालू लागलो. उशी निम्मी गेली व तेथेच अडून बसली. तिला आम्ही दाबले, ठोकले, गुडघा टेकवून आत लोटले. तेव्हा अभ्रा एका बाजूने टर्रकन उसवला.

आमची थोरली बहीण राखीसाठी मेहकरहून खाली खामगावास आली होती. आमच्या जिल्ह्यात 'खाली' हा शब्द शब्दशः घ्यावयाचा असतो; बुलढाणा, चिखली, मेहकर हा मुलूख घाटावरचा व खामगाव, शेगाव, मलकापूर हा घाटाखालचा. ताईने आमची कारागिरी हातात घेतली, उलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरविला आणि म्हणाली, "उशीच्या मापाला माप कापलेस की रे! माया कुठे सोडलीस?"

शिवणाच्या टिपेपलीकडे जे बोट-अर्धे बोट जास्तीचे कापड आत राखतात, त्याला आपल्याकडे माया म्हणतात, हे आम्हांला ठाऊक नव्हते असे नाही. परंतु तो शब्द आपल्यावरच उगारला जाईपर्यंत त्याच्याकडे आम्ही कधी नीट पाहिले नव्हते. वेदान्ती माया सोडा म्हणतात आणि शिंपीही माया सोडा म्हणतो. एकाला ती टाकून द्यावयाची असते, तर दुसऱ्याला ती आत शिल्लक ठेवावयाची असते. नामदेवरायांच्या घरी हे दोन्ही अर्थ एकाच वेळी नांदत असले पाहिजेत! त्यातून आमचे वऱ्हाड तर आणखी पुढे गेलेले. येथे 'माया घरी' म्हणजे 'माझ्या घरी'. शिवणीतली असो, मनातली असो की मालकीची असो, एकाच शब्दात आमचे भागते.

मायेचा उपयोग कपडा नवा असताना काहीच नाही. ती कळते कपडा जुना झाल्यावर. अंगाने भरलेल्या मुलाचा सदरा दोन्ही कुशींत उसवून अर्धा अर्धा इंच सैल करता येतो, तो मायेमुळे. आमच्या लहानपणी ताईच्या परकराला खालच्या घेरात तीन आडव्या दुमडी घालून ठेवलेल्या असत. दर दिवाळीला आई त्यांतील एक उसवी, आणि परकर ताईबरोबर वाढे. उसवलेल्या जागी मूळचा गडद रंग पट्ट्यासारखा उठून दिसे, व त्या पट्ट्यांवरून परकराचे वय झाडाच्या वलयांप्रमाणे मोजता येई. ताईला या पट्ट्यांची लाज वाटत असे. आज ती सांगते की, वर्गातील निम्म्या मुलींच्या परकरांना ते पट्टे होते. पण लाज वाटावयाची तेव्हा प्रत्येकीला आपलाच पट्टा दिसे.

आज बाजारातून आणलेला तयार सदरा वाचकांनी एकदा उलटा करून पाहावा. बहुतेकांच्या आत दोऱ्याची साखळीसारखी गुंफण घातलेली दिसेल. ओव्हरलॉक नावाचे यंत्र कापडाची जास्तीची कड छाटीत जाते आणि त्याच दमात ती बांधूनही टाकते. शिवण बळकट होते, सुते निघत नाहीत, वेळ वाचतो. यंत्राला नावे ठेवण्याचे आम्हांस कारण नाही. मात्र अशा कपड्यात आत काही राहत नाही. हजारो कपडे एकदम बेतताना कारखानदाराने प्रत्येकात पाव इंच वाचविला, तरी ताग्यांचे तागे वाचतात. म्हणून माया प्रथम जाते. पुढे केव्हातरी कुणीतरी हा कपडा उसवील अशी अपेक्षाच जेथे नाही, तेथे ती कुणासाठी सोडावयाची? आमच्या नातवाचे कपडे आखूड झाले म्हणजे वाढवता येत नाहीत. दुसरे आणावे लागतात. ते स्वस्तही असतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

आमच्या आईच्या राज्यात लुगड्याला सहजासहजी मरण नसे. नऊवारी लुगडे बसण्याच्या जागी व टाचांशी आधी विरते, टोके मात्र धड राहतात. मग विरलेला भाग कापून टाकून उरलेले दोन तुकडे, किंवा दोन लुगड्यांतील दोन धड तुकडे, एकमेकांना जोडावयाचे. याला दंड घालणे म्हणतात. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून अशी बारीक शिवण घालावयाची की, बोटाला कळली तरी डोळ्याला कळू नये; आणि नेसताना ती निऱ्यांत किंवा आतल्या टोकाकडे जाईल अशी युक्ती साधावयाची. दंड घातलेले लुगडेही फाटले की, त्यातून परकर, पोलकी, झबली निघत. त्यानंतर बाळाची दुपटी. नव्या कापडापेक्षा शंभरदा धुतलेले कापड तान्ह्याच्या अंगाला मऊ, म्हणून दुपट्याला जुनेच लुगडे हवे, असा आजीचा कटाक्ष असे. मग गोधडीची पाळी. वर-खाली लुगडी, आत धोतरांचे थर. ते जमिनीवर ताणून पसरावयाचे, कोपऱ्यांवर दगड ठेवावयाचे, आणि एका कडेपासून धावदोऱ्याच्या ओळीमागून ओळी घालीत जावयाचे. आमच्या शेजारच्या म्हातारबाई तिला 'वाकय' म्हणत. बुलढाण्याच्या डोंगरावरच्या थंडीत दोन वाकळींखाली जी झोप लागते, ती पुढे आम्हांला कोणत्याही दुलईखाली लागली नाही. गोधडीचेही आयुष्य संपल्यावर राहिलेल्या चिंध्यांचे पोतेरे, आणि अगदी शेवटी काकडा. लुगडे शेवटी जळे, पण तेही उजेड देऊन.

हे सारे काटकसरीच्या हौसेने चाले, असा भ्रम मात्र नको. खामगाव हे कापसाचे गाव. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत आठ मैलांचा रेल्वेचा फाटा घातला गेला, तो आम्हांला काशीयात्रा घडावी म्हणून नव्हे, तर येथील गाठी मुंबईच्या बंदराला लवकर पोचाव्यात म्हणून. अशा या गावात १९४६ साली आमच्या आईचे लग्न झाले, ते कापडाच्या टंचाईत. १९४३ च्या जून महिन्यात सरकारने कापड व सूत यांच्या नियंत्रणाचा हुकूम काढला होता. गिरण्यांना कापडावर किंमत छापावी लागे आणि गिऱ्हाइकाला दुकानापुढे रांगेत उभे राहावे लागे. १९४८ च्या जानेवारीत नियंत्रण उठले, भाव भडकले, आणि त्याच वर्षी ते पुन्हा आले. ज्या गावात जिनिंगचा धूर दिवसभर निघे, त्या गावात नवरीच्या लुगड्यासाठी आजोबांनी तीन गावे पालथी घातली. शेवटी एक जांभळे इरकली मिळाले, लाल रेशमी पदराचे. आईच्या लग्नातील चांगले म्हणण्यासारखे वस्त्र ते एकच. त्याच सुमारास विलायतेतही टंचाई होती; १९४१ च्या जूनपासून तेथे कपड्यांना कुपने लागत, आणि आहे ते दुरुस्त करून वापरा असे सांगणारी एक पुस्तिका तेथील सरकारने १९४३ साली काढली होती. आमच्या आजीला ती कुणी वाचून दाखविली असती, तर 'यात नवीन ते काय?' असे विचारून ती पुन्हा दोरा ओवू लागली असती.

आमच्या वाट्याला या विद्येचे एक फळ आले, त्याची हकिगत सांगितली पाहिजे. १९६५ साली आम्ही कॉलेजात शिकण्यासाठी अमरावतीस निघालो. कोट हवा होता. नव्या लोकरी कापडाची ऐपत नव्हती. म्हणून वडिलांचा जुना कोट उलटवून घेतला. कोट उलटविणे ही कला आता जवळजवळ अस्तंगत झाली आहे. सगळा कोट उसवावयाचा, आणि आतली न विटलेली बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवावयाचा. कोट नव्यासारखा दिसतो. एकच खोड राहते. छातीवरचा खिसा डाव्या बाजूचा उजव्या बाजूस जातो. हे गुपित आमच्या खोलीतील एका व्रात्य मुलास ठाऊक होते. त्याने पहिल्याच दिवशी आमच्या उजव्या खिशाकडे बोट दाखविले, आणि वर्षभर आम्ही 'उलटे पंडित' झालो. सुटीत घरी आल्यावर आम्ही आईला रागाने म्हणालो, "माझ्यासाठी या घरात नवे असे काही निघतच नाही का?" ती भाकरी थापीत होती; थापीतच राहिली.

त्या कोटाची एकच गोष्ट आम्हांला प्रिय होती. त्याला जांभळे अस्तर होते, अगदी नवे. म्हणून आम्ही कोटाच्या गुंड्या कधी लावीत नसू.

१९६९ साली नोकरी लागली. पहिल्या पगारात नवा कोट शिवला, व जुना एका बोहारणीपुढे टाकला. तिने त्याला उजेडात धरले, चिमटीत अस्तर चोळून पाहिले, आणि कुरकुर न करता त्याच्या बदल्यात स्टीलचे एक पातेले काढून दिले. आमच्या घरातील स्टीलचे ते पहिले भांडे. ते आम्ही मिरवीत आईच्या पुढे ठेवले. तिने पातेले वाजवून पाहिले, चांगले आहे म्हणाली, आणि थोड्या वेळाने, दुसरेच काही बोलत असल्यासारखी, म्हणाली, "अस्तर तरी उसवून घ्यायचे होतेस." आम्ही हसलो. चिंधीचिंधीवर जीव टाकणाऱ्या बाईचा हा स्वभावच, असे आम्ही मनात म्हणालो. पुढे चारचौघांत ही गोष्ट आम्ही विनोद म्हणून सांगतही असू.

अभ्र्याची फजिती झाली त्या संध्याकाळी ताईने आईची ट्रंक काढावयास लावली. आई जाऊन बारा वर्षे झाली; ट्रंक आम्ही दर वर्षी उन्हात ठेवीत असू, पण आतले काही हलविलेले नव्हते. लुगड्यांच्या गोधड्या कराव्यात, नाहीतर घडीवर ती विरून जातील, असे ताईचे मत; आणि आईच्या वस्तूंना कात्री लावू नये असे आमचे. वाद तीन दिवस चालला. ताई म्हणाली, "तू ती जपतोस म्हणजे काय करतोस? कुलूप लावतोस." यावर आम्हांला उत्तर सुचले नाही. पहिली गोधडी आमच्या नातवासाठी घालावी असे ठरले.

चौथ्या दिवशी इरकली निघाले. ताईने ते उलगडीत उलगडीत नेले, आणि आतल्या टोकाकडे एके जागी तिचा अंगठा थांबला. दंड होता. पलीकडचे दोनेक वार कापड इरकलीचे नव्हतेच. कुठल्याशा जाड्याभरड्या रोजच्या लुगड्याचे होते, रंगाने जवळचे. "माझ्या लग्नातही ती हेच नेसली होती," ताई म्हणाली, "पण मला कधी दिसले नाही." मग तिने शिवण उजेडाकडे धरली व कपाळाला आठ्या घातल्या. दंड विरलेल्या जागी घालतात; येथे तर शिवणीलगतचे इरकली घट्ट होते, जणू कालच मागावरून उतरलेले. धड कापड कुणी कापले होते? आणि दुसरे तिला मुळीच समजेना. दंडात माया नखभर पुरते. येथे आईने इरकलीच्या बाजूने चांगली चार बोटे माया आत दुमडून ठेवली होती.

"जोडाच्या जागी एवढे कापड कशाला गुंतवले असेल तिने? परत काही जोडायचे असल्यासारखे?"

कापडाचा तो जांभळा रंग आम्ही चार वर्षे अंगावर वागवला होता. उघड्या कोटाने हिंडून लोकांना दाखविला होता. आम्ही ताईला सांगितले. ती पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "कोटाच्या आकाराने कापलेले तुकडे लुगड्याला परत कसे लागणार? एवढे तिला कळत नव्हते होय?" तिला न कळण्यासारखे नव्हते. आपल्या हयातीत तिने किती दंड घातले असतील!

ते लुगडे गोधडीत घालावे की नाही, यावर या वेळी वाद झाला नाही. वरच्या बाजूला तेच घेतले. दंडाच्या जागी थर जाड होतो व सुई अडते, म्हणून शिवण उसवून टाकावी, असे ताईने सुचविले. आम्ही म्हणालो, राहू दे. ताईला आता सुईचे नेढे दिसत नाही. ती आमच्याकडे सुई देते, आम्ही चष्मा सावरून दोरा ओवून परत देतो. दिवसाला तीन-चार ओळी होतात. दंडाच्या ओळीला अंगुस्तान घालूनही दोन सुया मोडल्या. चहाच्या वेळी सौभाग्यवती हाक मारतात तेव्हा आम्ही उठतो. चहा अजून त्याच पातेल्यात होतो.