हाताला पाठ झालेली बटणं

सत्तरच्या दशकातल्या कार रेडिओला दोन टोकांना दोन नॉब असत आणि मधे ओळीनं पाच बटणं. या बटणांची युक्ती आजच्या मुलांना सांगितली तर खरी वाटत नाही. आधी नॉब फिरवून हवं ते स्टेशन नीट लावायचं. मग एक बटण चिमटीत धरून बाहेर ओढायचं आणि जोर लावून परत आत दाबायचं. झालं, स्टेशन त्या बटणाला बसलं. पुढे कधीही ते बटण दाबलं की काचेमागचा काटा खटकन त्या जागेवर जाऊन थांबे. आत ना चिप, ना कसली मेमरी. जागा लक्षात ठेवण्याचं सगळं काम पट्ट्या आणि खटके करत.

ठाण्यातल्या एका कुटुंबात त्या काळी सेकंडहँड प्रीमियर आली. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती पुढे पद्मिनी या नावानं बाहेर पडू लागली होती, तरी घरात आणि चाळीत तिला सगळे फियाटच म्हणत. पुढची सीट सलग बाकड्याची आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे आई आणि बाबा यांच्या मधोमध आठ-नऊ वर्षांच्या मुलाला जागा मिळे आणि रेडिओ बरोबर त्याच्या समोर येई. स्टेशन बदलणं हे त्याचं काम ठरून गेलं. बाबांची शिकवण एवढीच होती : "खाली बघायचं नाही, बोटांनी मोजायचं." डावीकडून दुसरं बटण विविध भारतीचं. १९५७ साली सुरू झालेल्या या सेवेवर मुंबई-पुणे-नागपूरकडे १९६७ पासून जाहिरातीही लागत होत्या आणि त्या पोराला गाण्यांइतक्याच तोंडपाठ होत्या. घरातल्या रेडिओसारखा गाडीतल्या रेडिओलाही पोस्टातून परवाना काढावा लागे. ऐंशीच्या दशकात ती सक्ती गेली.

मीडियम वेव्हवर गाडीतलं ऐकणं म्हणजे खरखरीसकट ऐकणं. हाय टेन्शनच्या तारांखालून जाताना रेडिओ गुरगुरे, शेजारी जुना ट्रक आला की त्याच्या इंजिनाची घरघर गाण्यात मिसळे. एरियल पूर्ण वर ओढलं की थोडा फरक पडे. हवेसाठी मात्र एकच साधन होतं, पुढच्या दाराची त्रिकोणी काच. ती उलटी फिरवली की वारा सरळ छातीवर येई. उन्हाळ्यात तोच वारा तापलेला असे, तरी ती काच बंद करायला कोणी तयार नसे.

जगात गाडीतला रेडिओ याच्या कितीतरी आधी आला होता. अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी १९३० साली मोटोरोला बाजारात आणला. गाडीतलं एअरकंडिशनिंग त्यानंतर दहाएक वर्षांनी, पॅकार्ड कंपनीच्या १९४० च्या मॉडेलमध्ये आलं. त्या यंत्रणेची एक गोष्ट फार बोलकी आहे. गारवा देणारा भाग मागे डिकीकडे होता आणि कॉम्प्रेसर थांबवायची सोय चालकापाशी नव्हतीच. थंडी पडली की गाडी बाजूला घेऊन, बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा उतरवून ठेवायचा. थंड हवा मिळाली, पण तिच्यावर हात ठेवता येईना. कॅडिलॅकनं १९६४ मध्ये तापमान ठरवून दिलं की पुढचं आपोआप सांभाळणारी यंत्रणा आणली, तेव्हा हे वर्तुळ अमेरिकेपुरतं पूर्ण झालं. आपल्याकडे त्याला आणखी काही दशकं जावी लागली.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. त्या मुलानं, आता नोकरीला लागलेल्या तरुणानं, नव्वदच्या दशकात एसीवाली मारुती घेतली. एसीचं बटण दाबलं की समोरून टक् असा आवाज येई आणि गाडी क्षणभर मान खाली घातल्यासारखी व्हायची. हा आवाज कॉम्प्रेसरच्या क्लचचा. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणाऱ्या पुलीला क्लच कॉम्प्रेसर जोडून देतो, आणि ८०० सीसीच्याही आतल्या त्या इंजिनाला हा भार लगेच जाणवे. म्हणून खोपोली सोडून बोरघाट सुरू झाला की एसी बंद, काचा खाली, हा शिरस्ता. वर लोणावळ्याला पोचलं की परत टक्.

एप्रिलमध्ये याच चढावर त्याला एक उलटी विद्या कामाला आली. इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेषेकडे सरकू लागला तर हीटर पूर्ण उघडायचा आणि पंखा जोरात लावायचा. हीटरमधून इंजिनाचंच गरम पाणी फिरतं, म्हणजे तो एक छोटा रेडिएटरच. बाहेर चाळीस अंश असताना पायांवर गरम वाफारा घेत माणसं कळवळतात, पण काटा खाली उतरतो आणि गाडी जागा मिळेपर्यंत तग धरते. महाराष्ट्रात हीटर कशाला, असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

खरी परीक्षा पावसाळ्यात. चार भिजलेली माणसं गाडीत बसली, बाहेर घाटातली गार हवा, की दोन मिनिटांत समोरची काच आतून धुरकट होते. बहुतेकांचा हात अशा वेळी एसी बंद करण्याकडे जातो, कारण गारव्यानं धुकं वाढेल असं वाटतं. होतं नेमकं उलट. डॅशबोर्डमागच्या थंड कॉइलवरून हवा जाते तेव्हा तिच्यातला दमटपणा कॉइलवर पाणी होऊन उरतो. उभ्या गाडीखाली टपटपणारं पाणी ते हेच. म्हणून एसी चालू, हवेचा रोख काचेकडे, आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा आत. त्यात थोडा हीटर मिसळला तर कोरडी आणि कोमट हवा मिळते आणि काच झरझर निवळते. कोकणात दमट रात्री याच्या उलट घडतं. एसीच्या झोतानं काच इतकी गार होते की बाहेरच्या बाजूनं दव धरतं. मग वायपर फिरवायचा, झोत काचेवरून काढायचा, तापमान चढवायचं. कुठल्या बाजूचं धुकं आहे हे ओळखायला आतून काचेवर एक बोट ओढून बघावं : रेघ उमटली तर आतलं.

हे सगळं तो शिकला ते तीन सरकत्या दांड्यांवर. पंखा, गरम-गार, झोताची दिशा. डोळे पुढच्या एसटीच्या लाल दिव्यांवर आणि हात दांड्यांवर.

२००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला आणि साधारण त्याच सुमारास मुंबईत खासगी एफएम आलं. आवाज स्वच्छ, खरखर गायब, पण डोंगर आड आला की बोलणारा माणूस अर्ध्या वाक्यात नाहीसा. एफएमचा रिसीव्हर एकाच आकड्यावर दोन लहरी आल्या तर जी जोरकस असेल तिलाच धरतो, दुसरीला जवळपास पूर्ण दाबून टाकतो. ९८.३ वर मुंबईतही रेडिओ मिर्ची आणि पुण्यातही मिर्ची, त्यामुळे घाटात एका वळणावर अंधेरीच्या ट्रॅफिकची बातमी चालू असते आणि पुढच्या वळणावर स्वारगेट लागतं. त्याला हे फार आवडे. पुणे जवळ आलं हे मैलाच्या दगडाआधी रेडिओ सांगे.

गेल्या काही वर्षांत नॉब आणि दांड्या पडद्यात गेल्या. गुळगुळीत काचेवर बोटाला काही सापडत नाही; पंख्याचं चित्र कुठे आहे ते बघावंच लागतं, आणि खड्ड्यात बोट हलकं सरकलं तरी भलतंच काही उघडतं. 'व्ही बिलेगरे' या स्वीडनमधल्या मोटार मासिकानं २०२२ मध्ये याची चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगात तापमान वाढवणं, काचेचं धुकं घालवणं, ठरावीक रेडिओ स्टेशन लावणं अशी कामं चालकांना दिली. बटणांची २००५ सालची व्होल्वो व्ही ७० दहा सेकंदांत मोकळी झाली. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. पडद्यावर चालणाऱ्या सगळ्यात संथ गाडीत याच कामांना सुमारे ४५ सेकंद लागले, म्हणजे जवळपास १४०० मीटर.

युरोपातल्या यूरो एनकॅप या सुरक्षा-चाचणी संस्थेनं २०२६ पासूनच्या नियमांत पूर्ण गुणांसाठी इंडिकेटर, धोक्याचे दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदतीचं बटण यांना हातानं चालणारी कळ हवी असं म्हटलं. चांगलं झालं. पण ही यादी वाचून घाटात गाडी चालवणाऱ्या मराठी माणसाला चुकल्यासारखं वाटावं. वायपर काचेच्या बाहेरचं पाणी काढतो, आतलं धुकं एसी काढतो. आंबेनळी घाटात जुलैत दिसेनासं होतं ते दोन्हींमुळे. मग एका कळीला सुरक्षेचा मान आणि दुसरी चैनीची, असं का?

फियाटमधल्या त्या मुलाच्या लेकीनं यंदा पहिली गाडी बघितली तेव्हा शोरूममध्ये वरचं मॉडेल पुढे उभं होतं : भला मोठा पडदा, सनरूफ, दोन रंगांचे दिवे. विक्रेता मनापासून दाखवत होता. तिनं ड्रायव्हरच्या सीटवर बसून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर नजर लावली आणि हात पुढे केला. "पुढच्या काचेचं धुकं घालवायचं आहे, कसं करू?" विक्रेत्यानं सांगितलं, आधी इथे, मग हे पान, मग हे चिन्ह. तिची नजर तीनदा खाली गेली. मग ती मधल्या मॉडेलमध्ये बसली. तिथे तीन गोल नॉब होते. कॅलेंडर न सोडता तिनं तिसरा नॉब उजवीकडे शेवटपर्यंत फिरवला आणि काचेवर हवेचा झोत आला.

"बाबा, सनरूफ नाही मिळणार यात," ती म्हणाली.

"पावसात उघडणार होतीस का?"

मधलं मॉडेल ठरलं. मागच्या काचेचा डिफॉगर त्यात नव्हता, तो फक्त वरच्यात. यावर बाप-लेकीचं विक्रेत्याशी बराच वेळ बोलणं झालं. हा भाग सगळ्या मॉडेलांत का देत नाही, हे कंपनीला लिहून कळवा, असं तिनं बुकिंगच्या फॉर्मवरच, रंगाच्या रकान्याखाली, स्वच्छ अक्षरात लिहून दिलं.